अर्धा खांदा

खाटकाने कागदात गुंडाळलेला पुडा पुढे सरकवला आणि तो उचलताक्षणीच माझ्या हाताला कळलं, की हा आपला नाही. हाताला सवय असते. दर शनिवारी कामावरून परतताना मी हा पुडा घेतो, पिशवीत टाकतो, आणि पिशवीचे बंद बोटांत रुततात. त्या दिवशी रुतले नाहीत. "अहो, दुसऱ्याचा दिलात की काय?" मी म्हटलं. "तुमचाच आहे," सुरी पुसत खाटीक म्हणाला, "मावशी गुरुवारी येऊन सांगून गेल्या ना. यापुढे खांदा अर्धाच ठेव म्हणाल्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?" मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. मी लगेच "हो हो, बोलल्या, बोलल्या" म्हणत सुटे पैसे तिथेच विसरून बाहेर पडलो. माझं हे असंच आहे. अंगावर भिंत कोसळली तरी आधी "हो हो, माहीत होतं" म्हणायचं, आणि मग सावकाश चिरडून घ्यायचं.

फुटपाथवर येऊन थांबलो. माणसं मला वळसा घालून जात होती. अर्धाच. शब्द काही मोठा नाही, पण माशाच्या काट्यासारखा घशात बसला. डुकराचा अख्खा खांदा आम्हा दोघांना पुरून उरायचा. उरलेला सासूबाई डब्यात भरून माझ्या हाती द्यायच्या, आणि बुधवारपर्यंत माझ्या फ्रिजला त्यांच्या अंगणातल्या धुराचा वास यायचा. अर्धा म्हणजे एकटीपुरता. अर्धा म्हणजे बातमी पोचली. बातमी अशी, की मी पुन्हा लग्न करणार होतो, आमच्याच इस्पितळात फिजिओथेरपी करणाऱ्या बाईशी, आणि ती सासूबाईंना मी स्वतः सांगणार होतो, उद्या, अंगणात, नीट शब्दांत. गेले कितीतरी रविवार मी ती उद्याच सांगणार होतो, हा भाग वेगळा. मुलगी आहे म्हणून जावई. मुलगी गेली तरी जावई, इथपर्यंत माणसं चालवून घेतात. पण त्याने दुसरीकडे बोहल्यावर चढायचं ठरवलं, की मग तो कोण? आपल्या भाषेत नात्यांना काय तोटा आहे? साडू आहेत, व्याही आहेत, चुलतसासू आहे, मामेसासरे आहेत. पण वारलेल्या बायकोच्या आईचा, दुसरं लग्न केलेला जो कुणी, त्याला शब्द नाही. शब्द नाही म्हणजे बसायला खुर्ची नाही. मी तिथे उभ्या उभ्या छप्पन्न नाती उलटसुलट करून पाहिली आणि पुडा छातीशी धरून घरी आलो. फिजिओचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "आवाज असा का?" मी म्हटलं, "कुठे काय?" ती म्हणाली, "उद्या सांगशील ना त्यांना?" मी म्हटलं, "हो हो." मग मांसाला मीठ, मिरपूड आणि थोडी साखर चोळत बसलो. हे काम मला एरवी फार आवडतं. गार, घट्ट मांसावर तळहात फिरत राहतो, मीठ हळूहळू ओलं होतं, आणि डोकं रिकामं होत जातं. त्या संध्याकाळी हात फिरवायला घेतला तोवर मांस संपलंच.

त्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा होणारा जावई म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो होतो. सासूबाई मागच्या अंगणात एका आडव्या पिंपाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. पिंप मधोमध कापून वरच्या भागाचं झाकण केलेलं, खाली निखारे, वर जाळी, बाजूला मांसात खुपसायचा तापमानाचा गोल काटा. फरशांच्या कारखान्यात भट्टीवर त्यांची हयात गेलेली, नवरा लवकर गेलेला, आणि निवृत्त झाल्यावर भट्टीवाचून करमेना म्हणून हे उभं केलेलं. "या," म्हणाल्या, "पण वाऱ्याच्या त्या अंगाला बसू नका, धूर येईल." मी भिडेपोटी जिथे होतो तिथेच बसलो, आणि धूर आला तो सरळ माझ्या तोंडावर. बायको, म्हणजे तेव्हाची होणारी बायको, पायरीवर बसून पोट धरून हसली. तिला त्या खार म्हणायच्या, कारण ती एका जागी म्हणून टिकायची नाही. आत जायची, बाहेर यायची, "झालं का गं, झालं का गं" करायची, मध्येच पाव खाऊन पोट भरून घ्यायची आणि खरं जेवण तयार झालं की "भूकच नाही" म्हणायची. मी मात्र त्या दिवशी डोळे चोळत तिथे बसलो आणि मला ते सगळं आवडूनच गेलं. आवडलं म्हणजे काय, ते सांगणं कठीण आहे. सुरुवातीचा धूर पांढरा आणि दाट असतो, त्यात मांस ठेवलं तर कडू होतं. "लाकूड अजून रागात आहे," सासूबाई म्हणाल्या. मग धूर पातळ होत होत निळसर झाला, दिसेल न दिसेल असा, आणि तुतीच्या लाकडाचा गोडसर वास आला. "आता कामाला लागलं," म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे खांदा जाळीवर गेला. मग झाकण. आणि मग काहीच नाही! सगळा दिवस काहीच करायचं नाही, आणि तरी ते काम. इस्पितळात माझं काम म्हणजे एक्स-रे काढणं. एक जण आत येतो, छाती पाटीला टेकवतो, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, पुढचा. माणसाचं अख्खं दुःख माझ्यापुढे पापणी लवेपर्यंत थांबतं. त्या अंगणात पहिल्यांदा मला वाटलं, की घाई ही काही जन्मतःच माझ्या अंगात नव्हती, कुणीतरी नंतर घातली.

पण त्या दिवशीची खरी गंमत दुपारी झाली. मांस आधी भराभर तापतं, काटा चढत जातो, माणूस खुशीत येतो, आणि मग काटा थांबतो. खाली निखारे तेवढेच, धूर तोच, तरी काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. शास्त्र असं सांगतं, की आतलं पाणी बाहेर येऊन उडून जात असतं आणि त्याने मांस गार राहतं, आपल्याला घाम येतो तसं. सासूबाईंचं शास्त्र वेगळं. "रुसलं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मग आता?" "आता काही नाही. जास्त कोळसे घातलेत तर चामड्यासारखं वातड होईल. सारखं झाकण काढून बघत बसलात तर आणखी रुसेल. रुसलेल्याला समजवायला जायचं नसतं हो. आपण उठून गेलो नाही, एवढं त्याला कळू द्यायचं, बस." लग्नानंतर बायको माझ्यावर रुसली की मी हाच उपाय करायचो. तोंड मिटून शेजारी बसून राहायचो. "बसलास का मांस राखत!" म्हणून ती आणखी चिडायची, आणि चिडता चिडता हसायची.

तिच्या छातीचा एक्स-रे मी काढला नाही. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि आत माझा सहकारी तिला माझंच वाक्य म्हणत होता, श्वास घ्या, रोखून धरा. पुढचा शब्द त्याने म्हटला असणारच, पण तो ऐकल्याचं मला आठवत नाही. ती गेल्यावर लोक आले, बोलले, जेवायला घेऊन आले, डबे परत न्यायला आले, आणि मग येईनासे झाले. मी कामावर जात राहिलो. एका रविवारी, का कोण जाणे, सासूबाईंच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मागून धूर येत होता. मला आधी रागच आला. म्हटलं, यांना खायला सुचतंय? तरातरा मागे गेलो. पिंप पेटलेलं होतं, झाकण उघडं होतं, आणि जाळीवर काहीच नव्हतं. सासूबाई रिकाम्या जाळीखाली तुतीची लाकडं जाळत बसल्या होत्या. "सवयीने पेटवलं," म्हणाल्या, "आणि मग आठवलं, आणलंच नाही काही." मी तसाच उलटा फिरलो, खाटकाकडे गेलो आणि खांदा घेऊन आलो. अख्खा. तो दिवस उजाडला नसता तर आम्हा दोघांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. तेव्हापासून रविवार ठरून गेला. सोमवारी छातीच्या फोटोला आलेली माणसं माझ्याजवळ उभी राहून नाक फेंदारतात, एकदा तर एका आजोबांनी "इथे कुठे आग लागलीये का?" असं विचारून सगळा विभाग उठवला होता. फिजिओची आणि माझी ओळख त्या गोंधळातच झाली. ती वरच्या मजल्यावरून एका लंगड्या पेशंटला खांद्यावर घेऊन धावत आली होती आणि धूर मीच आहे हे कळल्यावर जिन्यात मटकन बसून हसली होती. त्या हसण्याला मी भुललो. मला वाटलं होतं, माझ्यातला तो भाग बंद झाला. झाला नव्हता. त्याचा मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून अपराधी वाटलं, आणि अपराधी वाटतंय हे सांगायला मी जिच्याकडे जाऊ शकलो असतो अशी जगात एकच बाई होती, आणि तिलाच तर हे सांगायचं राहिलं होतं.

अर्ध्या खांद्याच्या त्या रविवारी फाटक उघडलं तेव्हा धूर अजून पांढराच होता. सासूबाईंनी पुडा घेतला, सोडला, मांस हातावर उलटंपालटं करून बघितलं, आणि "बेताचा आहे," एवढंच म्हणाल्या. बेताचाच असणार, तुम्हीच सांगितलात ना बेताचा! पण हे मी मनात म्हटलं. धूर निळा झाल्यावर त्यांनी खांदा जाळीच्या एका अंगाला सरकवून ठेवला. उरलेली अर्धी जाळी रिकामी. झाकण लावलं. मग आम्ही बसलो. त्यांनी शेजारच्या घरातल्या मांजरीची कागाळी सांगितली, मी इस्पितळातल्या नव्या यंत्राची. एरवी या गप्पांमधली शांतता मला गरम पाण्यासारखी लागते, अंग सैल पडतं. आज मी प्रत्येक शांततेत मान खाली घालून वाक्य जुळवत होतो, आणि वाक्य ओठांशी आलं की त्या उठून लाकूड सारखं करायच्या. त्यांचे गुडघे दुखतात, उठताना त्या एक हात हवेत धरतात, कशालाच न धरता. तो हात मी किती वेळा पाहिला असेल. मला वाटलं, पुढच्या रविवारी हा हात असाच हवेत राहील आणि बघायलासुद्धा कुणी नसेल. सूर्य वर आला, काटा भराभर चढला, आणि थांबला.

"रुसलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"म्हणजे, तसं काही विशेष नाही."

"मग राहू द्या."

"नाही, विशेष आहे." मी पिंपाकडे बघत एका दमात म्हणालो, "मी लग्न करतोय."

त्या काट्याकडे बघत होत्या. "माहीत आहे," म्हणाल्या, "ती येऊन गेली."

"कोण येऊन गेली?"

"तुमची ती व्यायामवाली. बुधवारी आली. फाटकाशी उभी राहून म्हणते कशी, 'मी ती.' मी म्हटलं, ती म्हणजे कोण ती? तर रडायलाच लागली. मलाच पाणी द्यावं लागलं तिला. आणि जाता जाता माझे गुडघे वाकवून बघितले आणि व्यायाम लावून दिला! आता रोज भिंतीला टेकून पाय वर करत बसते मी, या वयात. कजाग आहे हो चांगलीच."

मी थक्क झालो आणि मग चिडलो. काल फोनवर ही बाई मला "उद्या सांगशील ना" विचारत होती! "मला एका शब्दाने बोलली नाही ती."

"मीच म्हटलं, नको सांगूस. म्हटलं बघू तरी, आमच्या जावईबापूंना तोंड कधी फुटतंय ते."

"फुटलं ना आता! आणि तुम्ही? तुम्ही तर सरळ जाऊन खांदा अर्धा करून आलात." माझा आवाज भलताच चढला, शेजारची ती मांजर भिंतीवरून उडी टाकून पळाली. "मला नको यायला, तर तोंडावर सांगायचं होतं. खाटकाकडून कशाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आलोय. "अहो, ती मांस खात नाही ना!" त्या म्हणाल्या. "विचारलं मी तिला. कांदे खाते, भोपळा खाते, मक्याची कणसं खाते. मग ते ठेवायचं कुठे, माझ्या डोक्यावर? पिंप केवढं, जाळी केवढी! म्हटलं खांदा अर्धा करू, अर्धी जाळी तिला. आज आपण दोघंच करून बघू, भोपळ्याला धूर किती सोसतो ते मला तरी कुठे माहीत आहे? बिघडला तर तिच्यासमोर शोभा नको. पुढच्या रविवारी आणा तिला. आणि हे तुम्हाला सांगायचं म्हणजे तिचं येणं सांगायला हवं, आणि मी तर गंमत बघत बसले होते." माझ्या डोळ्यांपुढे ती अर्धी जाळी आली. सकाळी ती पाहिल्यापासून मी मनातल्या मनात घर सोडून चाललो होतो, आणि ती भोपळ्याची जागा होती. हसावं की रडावं कळेना. नुसतंच "असं होय," म्हणालो.

"वाईट वाटलं का तुम्हाला?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"वाटलं तर. खोटं कशाला बोलू?" त्या पदराने नसलेली धूळ झटकत म्हणाल्या. "बुधवारी ती परत गेल्यावर खूप भांडी आपटली. वाटलं, आली पोरीची जागा घ्यायला. मग मलाच आठवलं, कुठे जागा घेतली, इतका वेळ बिचारी पायरीवर तर बसली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. पण भीती वाटली, हे खरं. जावई असतो तो मुलीमुळे. खार गेली तरी तुम्ही येत राहिलात, ते तुमचं चांगलेपण. आता नवी माणसं, नवं घर. उद्या तिची आई असेल, तुमची खरी सासू. मग मी तुमची कोण?"

"आणि मी तुमचा कोण?" मी विचारलं. हाच प्रश्न काल फुटपाथवर मी उलटापालटा केला होता, आणि त्या बाजूनेही कुणीतरी तोच घेऊन बसलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, शब्द शोधला, सापडला नाही. "मला काय विचारता," शेवटी वैतागून म्हणाल्या, "मी भट्टीवरची बाई. मला लाकूड विचारा, कोळसा विचारा." आणि हात हवेत धरून उठल्या आणि भोपळा आणायला आत गेल्या.

मी एकटाच पिंपाशी राहिलो. ऊन पाठीवर होतं, निळसर धूर झाकणाच्या फटीतून सरळ वर जात होता, आणि इतका सुरेख वास येत होता, खरपूस, गोड, थोडासा जळका, की मला एकदम भूक लागली. कालपासून मी धड जेवलोच नव्हतो. बायकोची आठवण आली, पण टोचली नाही. तीही जणू आत-बाहेर करत होती, झालं का गं, झालं का गं. काट्याकडे पाहिलं. हलला होता. रुसवा गेला! दुपारी इतक्या लवकर कधी जात नाही, पण तुकडा अर्धाच होता ना. मला ते आतल्या आत इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले, धुराने म्हणा हवं तर, आणि त्या भोपळा घेऊन येताहेत तोवर जाळी तयार ठेवावी म्हणून मी झाकणाचा लोखंडी दांडा उघड्या हाताने धरला.

"आई गं!"

हे कुणीही ओरडतं. ठेच लागली, दाढ ठणकली, की तोंडातून हेच निघतं. मोडलेल्या हाडांची माणसं माझ्या खोलीत दिवसभर हेच ओरडतात, आणि त्यांतल्या एकाचीही आई तिथे नसते.

"काय रे? काय झालं?" आतून आवाज आला, पाठोपाठ भोपळा फरशीवर पडल्याचा, आणि ते गुडघे घेऊन त्या कशा धावत आल्या देव जाणे. "अरे गाढवा, फडक्याशिवाय धरतात का ते! बघू, दाखव इकडे. मूठ उघड म्हणते ना!" माझं मनगट पकडून त्यांनी मला ओढत नळाशी नेलं आणि माझा तळहात धारेखाली धरला, स्वतःच्या दोन्ही हातांत, घट्ट. डब्याच्या देवाणघेवाणीपलीकडे इतक्या वर्षांत आमचा हात एकमेकांना कधी लागला नव्हता. भट्टीवरच्या त्या हातांना जुन्या चटक्यांचे गुळगुळीत डाग होते, ते मला पहिल्यांदा कळले. पाणी वाहत होतं. आणि मग तिला तिचं स्वतःचं बोलणं ऐकू आलं. तिने जीभ चावली. "अहो" म्हणायला तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि अरे-अहो दोन्हींच्या मधून कशीबशी वाट काढत नुसतंच म्हणाली, "दुखतंय का?"

चटका खरं तर एवढासा होता.

"खूप दुखतंय गं," मी म्हणालो.